मुरुमाच्या वाटेवर बारा महिने

बालमित्रांनो, घरात किंवा शेजारीपाजारी एखादी जुनी काळी सायकल असेल तर आधी तिच्या टायरची बाजू नीट पुसून बघा. तिथं उठावाच्या अक्षरांत '२८ × १½' असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे चाक २८ इंचाचं आणि टायर दीड इंच रुंद. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर अडतीस-चाळीस. आता शहरातल्या मोठ्या दुकानात जा आणि 'ग्रॅव्हल बाईक' दाखवा म्हणा. खडीच्या, मुरुमाच्या, कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली ही सायकल गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर लोकप्रिय झाली आहे. तिच्या टायरची रुंदी किती? बहुतेक वेळा चाळीसच्या आसपास! दूधवाले, पोस्टमन आणि शाळामास्तर पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या टायरवर गावोगाव फिरत होते, तीच ही रुंदी. गिअर आणि ब्रेक मात्र नव्या सायकलचे कितीतरी चांगले, हे कबूल करायलाच हवं.

तेव्हा महागड्या सायकलीवाचून अडू नका. मध्यम रुंदीचे टायर, दोन्ही ब्रेक घट्ट, डोक्यावर हेल्मेट आणि बरोबर कुणीतरी मोठं माणूस, एवढं असलं की मुरुमाचा रस्ता तुमचा. खरा प्रश्न वेगळाच आहे. कुठल्या महिन्यात कुठं जायचं?

कारण डांबरी रस्ता बारा महिने साधारण सारखाच असतो, कच्चा रस्ता नसतो. जूनमध्ये जी वाट चिखलात चाक धरून ठेवते तीच डिसेंबरात सिमेंटसारखी टणक असते, आणि एप्रिलमध्ये तिच्यावर पिठासारखी धूळ. कडेची झाडं, गवत, पक्षी तर दर पंधरवड्याला बदलतात. म्हणून सायकलची सहल आखायची तर नकाशाआधी कॅलेंडर उघडावं. आज आपण पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग उदाहरणाला घेऊ. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती, भिगवण असा हा पट्टा. इथं डोंगर थोडे, माळ फार. तुमचं गाव नगर, सोलापूर, सांगली, सातारच्या पूर्व भागात कुठंही असलं तरी गणित फारसं बदलणार नाही.

पाय कशावर आहे?

आधी जमिनीची ओळख. आपला सगळा दख्खनचा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. त्याचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. ऊनपावसानं तो झिजत जातो. अर्धामुर्धा झिजला की त्याचा होतो मुरूम, आणि पुरता झिजून सखल जागी साचला की होते काळी माती.

मुरूम हा सायकलवाल्याचा मित्र. पाणी त्यातून झिरपून जातं. पाऊस थांबल्यावर काही तासांत चाक नीट चालायला लागतं. काळ्या मातीचा स्वभाव नेमका उलटा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरला अशी चिकटते की दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाडू तयार होतो. मग सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही सायकलला नेता. उन्हाळ्यात याच मातीला एवढ्या भेगा पडतात की चाक अडकून माणूस आडवा व्हावा.

म्हणून पावसाळ्यातली वाट माळाच्या वरच्या अंगानं काढायची, ओढ्याकाठच्या काळ्या रानातून नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे यासाठी फार कामाचे. १ : ५०,००० प्रमाणाचे हे नकाशे, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पिवळा रंग शेतीचा, हिरवा झाडीचा, तपकिरी रेषा उंचीच्या. बारमाही पाणी निळं, आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषांनी दाखवलेले. पिवळ्याच्या मधे मधे पांढरे तुकडे दिसतात ना? ते बहुतेक उघडे माळ. आपली सहल तिथली.

मृगाचं नक्षत्र

आपलं वर्ष जूनपासून सुरू करू. शाळेचंही तेव्हाच सुरू होतं, आणि शेतकऱ्याचंही.

तुमच्या आजीला पावसाची नक्षत्रं तोंडपाठ असतील. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो. ३६५ ला २७ नं भागा, एका नक्षत्राला साडेतेरा दिवस येतात. ७-८ जूनला मृग लागतं आणि सप्टेंबरच्या २६-२७ ला हस्त. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला कोल्हा, बेडूक, हत्ती, उंदीर असं एकेक वाहनही दिलेलं असतं आणि त्यावरून पाऊस किती पडणार ते सांगतात. हवामानशास्त्र हे काही मानत नाही, मीही मानत नाही. पण साडेतेरा दिवसांचा हा तुकडा निसर्ग बघायला अगदी बेताचा आहे. महिना फार लांब होतो, आठवडा फार आखूड. वहीत एकेका नक्षत्राला एक पान ठेवून बघा.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की ओल्या मुरुमावर लालभडक मखमलीचे ठिपके चालताना दिसतात. हा मृगाचा किडा. खरं तर तो किडा नव्हेच, आठ पायांचा आहे, कोळ्याच्या नात्यातला. थोडेच दिवस वर येतो आणि पुन्हा मातीत जातो. रस्त्यावर असे ठिपके दिसले तर सायकल हातात धरून चाला. याच दिवसांत पावशा ओरडत असतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं शेतकऱ्याला ऐकू येतं तो हाच. शेंडीवाला काळा-पांढरा चातकही तेव्हाच येतो, थेट आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून, पावसाच्या वाऱ्यांबरोबर. दोघंही स्वतः घरटं बांधत नाहीत, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून मोकळे होतात!

आता एक गंमत. पावसाळ्यात पुण्याची सगळी गर्दी पश्चिमेला पळते, लोणावळा, मुळशी, ताम्हिणीकडे. सायकलवाल्यानं मात्र पूर्वेला जावं. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि बारामतीच्या बाजूला ५०० च्या आसपास. म्हणजे दहावा हिस्सा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर संततधार चालू असते तेव्हा सुप्याच्या माळावर नुसता भुरभुर पाऊस, मधूनच ऊन आणि आभाळभर ढगांच्या सावल्या. अंगाला घाम नाही, धूळ नाही. शेतकऱ्याला हे दिवस फार जड जातात बरं का, तो आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. इथला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरातच येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, वारा. या दिवसांत तो पश्चिमेकडून जोरात वाहतो. निघताना पूर्वेकडे गेलात तर पाठीवर वारा घेऊन भुर्रकन दहा-पंधरा किलोमीटर पार कराल, 'मी केवढा वेगवान' असं वाटेल. आणि परतताना तेच अंतर रडवेल. म्हणून जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर.

आषाढात वारीचे दिवस आधी बघून घ्या. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे या वाटेनं जाते आणि तुकाराम महाराजांची यवत, वरवंड, बारामती, इंदापूरवरून. त्या दिवसांत मुख्य रस्ते वारकऱ्यांचे. सायकल घरी ठेवावी आणि पाणी वाटायला जावं.

चाकोरी सोडू नका

मोठी माणसं सारखी सांगत असतात, चाकोरीबाहेर जा, चाकोरीबाहेर विचार करा. चाकोरी म्हणजे काय माहीत आहे? बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पडलेले दोन खोल पट्टे. माळावर मात्र मी तुम्हाला उलटा सल्ला देणार आहे. चाकोरीतच राहा!

याचं कारण टिटवी. मार्च ते ऑगस्ट या काळात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं असं नाहीच. चार खडे इकडेतिकडे सरकवून केलेला उथळ खळगा आणि त्यात बहुधा चार अंडी. रंग कसा? मातकट, त्यावर काळे ठिपके, हुबेहूब मुरुमाचे खडे. चार हातांवरून तुम्हाला दिसणार नाहीत. नर आणि मादी आळीपाळीनं जवळजवळ चार आठवडे ती उबवतात. 'उबवतात' म्हणायचं खरं, पण एप्रिल-मेच्या उन्हात काम असतं थंड ठेवायचं. मग टिटवी पाणवठ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. किती खेपा करत असेल दिवसभरात!

आता विचार करा. चाकोरी सोडून, मजा म्हणून, माळावर आडवीतिडवी सायकल पळवली आणि चाक त्या खळग्यावरून गेलं. तुम्हाला कळणारही नाही. दीड इंची टायरखाली अख्खा संसार. पिवळ्या गलोलीची माळटिटवी, लांब पायांचा धाविक, चंडोल हे सगळे असेच जमिनीवर अंडी घालणारे.

म्हणून डोक्यावर टिटवी किंचाळत घिरट्या घालायला लागली की जागच्या जागी थांबा. पुढच्या चाकापुढे नीट बघा. मग ज्या पट्ट्यानं आलात त्याच पट्ट्यानं मागं फिरा. अंडी शोधत बसू नका, फोटोसाठी तर मुळीच नको. तुम्ही तिथं उभे असेपर्यंत ती उन्हात उघडी पडलेली असतात, आणि कावळा लांबून बघत असतो.

या माळांना सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यातही 'पडीक' म्हणतात. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा एक नकाशासंग्रह निघाला, त्यात गवताळ रानंही पडीक म्हणून मोजली गेली. पडीक म्हटलं की मग तिथं खाण काढा, कचरा टाका, नाहीतर खड्डे खणून झाडं लावा! झाडं लावणं चांगलंच, पण जिथं हजारो वर्षं गवतच आहे तिथं झाडांची दाटी झाली की धाविकानं धावायचं कुठं? सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकारा हरणांसाठी राखलं गेलं. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. पण हरणाला कुंपण कळत नाही. ती आसपासच्या माळांवरही चरतात, आणि लांडगेही तिथंच फिरतात. अभयारण्यात शिरण्याआधी फाटकावर विचारायचं, सायकल आत नेता येईल का, आणि नाही म्हणाले तर ती बाहेर लावून पायी जायचं.

असाच नियम कासच्या पठाराचा. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार ऑगस्टअखेर ते सप्टेंबर फुलांनी भरतं. तिथल्या सड्यावर सायकल नको म्हणजे नको. मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो.

कुसळ आणि सराटे

दसरा-दिवाळीच्या सुमाराला माळ सोनेरी होतो. फोटो काढायला याहून चांगले दिवस नाहीत. पायांना आणि टायरना मात्र याहून वाईट दिवस नाहीत.

आधी कुसळ. पिकलेल्या गवताचं हे बी म्हणजे छोटा भालाच. पुढं टोक, मागं पीळ पडलेली लांब शेपटी. ती शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. त्या फिरण्यानं बी स्क्रूसारखं आपोआप जमिनीत शिरतं. जमीन मिळाली नाही तर तुमचा मोजा चालतो! एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा, फिरताना स्पष्ट दिसतं. या महिन्यात पायमोजे न घालता, साध्या चपलेवर गेलात तरी चालेल असं कुणी सांगेल. ऐकू नका. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला, तिला कुसळं कमी लागतात.

दुसरा सराटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेनं जमिनीसरशी पसरलेली, पिवळ्या फुलांची गोजिरी वेल दिसते तीच ही. दिवाळीपर्यंत तिची फळं वाळतात आणि फुटतात. प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर! बाभळीचा काटा एकदाच टोचतो, सराटे एका चाकात दहा ठिकाणी बसतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सहलीला एक नाही, दोन ट्यूब बरोबर हव्यात. शिवाय हातपंप, पॅच, सोल्युशन आणि टायर काढायच्या पट्ट्या. पंक्चर काढायला घरच्या अंगणात आधीच शिकून घ्या. माळावर पंक्चरचं दुकान नसतं.

परतीच्या पावसाचा धोकाही याच दिवसांतला. सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीन-चारला काळंभोर आभाळ गडगडायला लागतं. हत्तीचा पाऊस म्हणतात तो हाच, हस्त नक्षत्रातला. उघड्या माळावर सायकलवर बसलेला मुलगा हीच सगळ्यांत उंच वस्तू, आणि वीज उंच वस्तू शोधते. वीज चमकल्यापासून आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत शिरायचं. एकट्या झाडाखाली कधीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आईबाबांच्या फोनमध्ये असू द्या, आसपास विजा पडताहेत का ते त्यात कळतं. सगळ्यात सोपं म्हणजे या महिन्यांत दुपारी एकच्या आत घरी. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तळ दिसत नसेल, तर ते घोट्याएवढंच असलं तरी थांबायचं.

रोहित बघायला

थंडी हा सायकलचा राजा मोसम, त्याबद्दल फार सांगायला नकोच. वारा मंद, आभाळ निळं, वाट टणक. फक्त उजाडतं उशिरा. जानेवारीत सूर्य उगवायलाच सात वाजून जातात, तेव्हा साडेसातच्या आत निघू नका. आणखी एक, या दिवसांत साखर कारखाने चालू असतात. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर झुलत असतात, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागचं काही दिसत नाही. म्हणून डांबरी रस्ता टाळून कालव्याच्या काठानं जाणारी मुरुमाची वाट धरावी. नीरा डावा कालवा १८८५ सालचा. त्याच्या काठची सावली आणि खंड्या पक्षी बघत किलोमीटर कसे संपतात कळत नाही. काठ निसरडा असतो, तेव्हा पाण्याच्या बाजूला नको, आतल्या बाजूनं चालवा. कुठं 'रस्ता बंद' अशी पाटी असेल तर पाटकऱ्याला विचारा.

जानेवारी ते मार्च भिगवणला जायचं. भीमा नदीवर उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याचं पाणी हळूहळू उतरतं आणि कुंभारगाव, डिकसळच्या काठानं चिखल उघडा पडतो. त्या चिखलात चोच उलटी घालून खाणारे गुलाबी रोहित, म्हणजेच अग्निपंख, शेकड्यांनी दिसतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही तिथंच. काठावर सायकल शंभर पावलं मागं ठेवा. चकाकणारी वस्तू हलली की सगळा थवा उडतो, आणि उडण्यात त्यांची शक्ती फुकट जाते.

माळावर या दिवसांत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, मध्य आशियाकडून. दिवसभर गवतावरून तरंगत टोळ आणि उंदीर धरतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, गटानं झोपतात. म्हणून सूर्य मावळायच्या आत गवताचं रान सोडायचं.

धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाआधी परततात. वाटेत मेंढरं दिसली की लांबूनच उतरा. कुत्रा अंगावर आला तर पळू नका, सायकल मधे धरून हळू चाला आणि मेंढपाळाला हाक मारा, 'मामा, कुत्रं धरा!' ती राखण करत असतात, त्यांचं चुकत नाही.

फेब्रुवारी-मार्च म्हणजे तुमची परीक्षा, पण एक रविवार तरी काढाच. पळस, पांगारा आणि काटेसावर, तिघंही पानं झाडून लाल-केशरी होतात आणि पळसावर भोरड्यांची नुसती झिंबड उडते. त्यानंतर वणवे. गवत पेटलेलं दिसलं तर विझवायला धावू नका, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जा आणि मोठ्यांना सांगून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मे महिन्यात या भागात पारा चाळिशी ओलांडतो. सहाला निघायचं आणि नऊला घरात. तासाला किमान अर्धा लिटर पाणी. बहावा फुलला का, एवढं बघून यायचं, बस्स.

पालकांना एक सांगायचंय. अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. डांबरी रस्त्यावर तासाला पंधरा किलोमीटर जाणारं मूल मुरुमावर दहाच जातं, आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी बघायला थांबतं. तीन तासांत वीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ झाले. घरी कागदावर वाट, परतायची वेळ आणि बरोबरच्यांची नावं लिहून ठेवा.

वही मात्र मुलांनीच लिहायची. तारीख, वाट, वारा कुठून, वाट ओली की कोरडी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलेलं काहीही. पहिला मृगाचा किडा, पहिलं पळसाचं फूल, टायरमधला पहिला सराटा. 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं झाडांच्या अशाच नोंदी करतात, हवं तर तिथंही पाठवा. दुसऱ्या वर्षी तीच वही उघडलीत की सहल कधी आखायची ते कुणाला विचारावं लागणार नाही. तुमच्या गावात यंदा पळस कधी फुलला? तारीख आणि गावाचं नाव लिहून आम्हाला जरूर कळवा.